साष्टीतील नवस, तारण आणि न फळलेली प्रार्थना

साष्टी बेटावरील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास बहुधा धर्मांतरे, सत्तांतरे आणि चर्चच्या बांधकामांच्या सनावळीतून सांगितला जातो. मनोभावे केलेली प्रार्थना फळली नाही तर त्या श्रद्धेचे काय होते, हा तिच्या पोटातील सर्वांत अवघड प्रश्न मात्र त्या सनावळीत फारसा डोकावत नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. नवस फळला की भाविक मेणाचा हात किंवा पाय वाहतो, क्रूस उभारतो, चर्चला घंटा देतो, आणि त्या वस्तूच पुढे इतिहासाची साधने बनतात. ज्याचे मूल देवमातेला साकडे घालूनही दगावले त्याच्याकडे वाहण्यासारखे काहीच उरत नाही, त्यामुळे त्याची प्रार्थना कोणत्याही दप्तरात येत नाही. तरीही अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या जुन्या गावठाणांत अशा प्रार्थनांचे अप्रत्यक्ष पुरावे शिल्लक आहेत. ओस पडलेली चर्चे, साथीच्या वर्षांचे आकडे कोरलेले क्रूस आणि धर्मग्रामांच्या मृत्युनोंदींची बाडे हे ते पुरावे होत. ते चर्चच्या तारणविषयक शिकवणीशेजारी ठेवून वाचले, तर उपनगरांतील ख्रिस्ती समाजाच्या धर्मजीवनाची एक निराळी बाजू दिसू लागते.

येथे साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंत पसरलेले, पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस व पूर्वेस खाडी असलेले बेट, ज्यावर आज मुंबईची उपनगरे वसली आहेत. गोव्यातही याच नावाचा एक तालुका असून मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र तो गोव्यातील तालुका होता. या दोन साष्टींची गल्लत अनेक लेखकांच्या हातून झालेली असल्याने हा भेद आरंभीच नोंदवणे बरे. मुंबईकडील साष्टी 1534 च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसईसह पोर्तुगिजांकडे गेली, आणि त्यानंतर दोनशे वर्षे बेटावरील कोळी, कुणबी, भंडारी, आगरी आणि काही उच्चवर्णीय कुटुंबांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन संघाचे अंतोनियो दो पोर्तो यांनी चर्च स्थापन केले व वरच्या टेकडीवर मठ आणि विद्यालय उभे राहिले. दक्षिणेकडील गावांत येशूसंघीयांनी, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या संघाच्या धर्मगुरूंनी, काम केले. मरोळ-कोंदिविटे भागातील बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे चर्च 1579 मधले आणि आंबोलीचे संत ब्लेझ यांचे चर्च 1588 मधले मानले जाते. या धर्मांतरांमागे श्रद्धा, सत्तेचा धाक, जमिनीचे व करांचे लाभ आणि गावच्या गाव एकत्र वळण्याची सामाजिक रीत यांपैकी कशाचा वाटा किती, याचा निवाडा सरसकट करता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की पहिल्या पिढीच्या पदरी काहीही असले तरी चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत हा धर्म साष्टीच्या मातीत रुजला होता. नाहीतर 1739 नंतर तो टिकलाच नसता.

या लोकांना तारणाची जी शिकवण मिळाली ती ट्रेंटच्या धर्मसभेने घडवलेली होती. युरोपात मार्टिन ल्यूथर यांनी 1517 नंतर असे मांडले होते, की मनुष्याचे तारण, म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवाशी कायमचा समेट, केवळ विश्वासाने होते. सत्कृत्ये ही त्या विश्वासाची फळे असतात, तारणाची किंमत नव्हेत. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या सभेने 1547 च्या जानेवारीत जाहीर केलेल्या ठरावात आरंभ देवाच्या कृपेने होतो, हे मान्य केले. कृपा म्हणजे मनुष्याची लायकी नसताना मिळणारे देवाचे साहाय्य. मात्र त्या कृपेला मनुष्याने होकार द्यावा लागतो, बाप्तिस्मा, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद अशा संस्कारांतून आणि सत्कर्मांतून ती वाढवावी लागते, आणि विशेष दैवी प्रकटीकरण झाल्याखेरीज आपण तरलोच अशी खात्री कोणालाही बाळगता येत नाही, असेही सभेने ठरवले. कॅथलिक गावांतील रोजच्या धर्माचरणाचा आकार ठरवण्यात या शेवटच्या कलमाचा वाटा मोठा आहे. जिथे तारणाची खात्री नाही तिथे जपमाळ, उपवास, संतांची मध्यस्थी आणि मृतांसाठी अर्पण केलेली मिस्सा यांना विसावा मिळत नाही, कारण मेलेला माणूसही शुद्धिस्थानात, म्हणजे उरल्यासुरल्या पापाची शुद्धी होण्याच्या अवस्थेत, जिवंतांच्या प्रार्थनेची वाट पाहत असतो, असे चर्च शिकवते.

प्रार्थना फळण्याबाबतची शिकवण त्याहून जुनी व अधिक काटेकोर होती. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते, की आपल्याला काय हवे हे देवाला आधीच ठाऊक असते. प्रार्थनेचा उपयोग देवाला माहिती पुरवण्यासाठी नसून मागणाऱ्याची इच्छा मोठी आणि शुद्ध होण्यासाठी असतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे सूत्रच बांधले. मागणी स्वतःसाठी असावी, ती तारणाला आवश्यक असलेल्या गोष्टीची असावी, भक्तिभावाने केलेली असावी आणि चिकाटीने केलेली असावी. या चार अटी पुऱ्या झाल्या तर प्रार्थना खात्रीने फळते. ही यादी साष्टीतील एखाद्या कोळणीच्या मागणीला लावून पाहिली तर तिची मागणी पहिल्या दोन अटींतच अडकते. वादळात सापडलेला मुलगा परत यावा ही मागणी स्वतःसाठी नाही, आणि मुलाचे जिवंत परतणे हे तारणाला आवश्यकही नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती प्रार्थना चांगली आहे, पुण्यकारक आहे, पण तिच्या फळाची हमी कोणीही दिलेली नाही. खुद्द ख्रिस्ताने गेथशेमाने बागेत मरण टळावे अशी प्रार्थना केली आणि ते टळले नाही, संत पौलाने आपल्या देहातील व्यथा दूर व्हावी म्हणून तीनदा विनवणी केली आणि ती दूर झाली नाही, हे दाखले प्रवचनांतून याच मुद्द्यासाठी दिले जात. शेजारच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. त्यांच्याही बाबतीत सुटका न होणे हाच श्रद्धेचा कळस मानला गेला.

गावातील माणसाचा हिशेब वेगळा होता, आणि तो बाप्तिस्म्याने पुसला गेला नाही. नवस ही या भूमीतील जुनी रीत. दैवताशी अटीचा करार करायचा, दैवताने आपली बाजू पाळली की माणसाने आपली पाळायची. चर्चच्या कायद्यातही नवस आहे, पण तिथे त्याची व्याख्या देवाला दिलेले वचन अशी आहे, आणि ते वचन शक्य व अधिक चांगल्या गोष्टीचे असावे लागते. त्यात देवावर अट लादण्याचा भाग गौण आहे. साष्टीत हे दोन अर्थ एकाच शब्दाखाली नांदत राहिले. धर्मगुरू एका अर्थाने बोलत आणि भाविक दुसऱ्या अर्थाने ऐकत, व दोघांचेही निभावून जाई. संकट गावभर पसरले म्हणजे मात्र हा समझोता ताणला जाई, कारण एकाच दिवशी एकाच वेदीपुढे शंभर घरांनी तेच मागितले आणि त्यांतल्या निम्म्या घरांवर आपत्ती कोसळली, तर नवसाचा करार आणि अक्वायनस यांचे सूत्र यांतले अंतर कोणालाही दिसू लागे.

असे पहिले मोठे संकट राजकीय होते. 1737 मध्ये मराठी फौजांनी ठाणे आणि साष्टी घेतली व 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. वांद्र्याचा किल्ला शत्रूच्या हाती पडून मुंबईला धोका होऊ नये म्हणून तो इंग्रजांच्या सल्ल्याने उद्ध्वस्त करण्यात आला, येशूसंघीयांचे संत ॲन यांच्या नावाचे विद्यालयही त्याच धामधुमीत गेले, युरोपीय धर्मगुरू बेट सोडून गेले आणि अनेक चर्चे ओस पडली. ज्यांनी दोनशे वर्षे राजाचा धर्म आणि देवाचे राज्य या दोन गोष्टी जोडून सांगितल्या होत्या त्यांच्या शिकवणीवरच हा घाव होता. पोर्तुगीज सत्तेच्या विजयासाठी केलेल्या प्रार्थना फळल्या नाहीत, आणि तरीही साष्टीचे बहुसंख्य ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. मराठी अमलात त्यांच्या उपासनेवर सरसकट बंदी आली नाही. गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरूंनी धर्मग्राम सांभाळले. 1760 च्या सुमारास या बेटावरून गेलेला फ्रेंच विद्वान आंकेतील द्युपेराँ याने ठाण्यात हजारो ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरा करताना पाहिल्याचे लिहिले आहे. सत्तेचा आधार गेल्यावर श्रद्धा टिकली, यामागे तिने गावाच्या वहिवाटीत मिळवलेली जागा होती. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्यासाठी दुसरी कोणतीही रीत या घरांकडे आता उरलेली नव्हती, आणि पेरणी-कापणीचे वर्षही चर्चच्या सणांशी बांधले गेले होते. ऑक्टोबरच्या आरंभी भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा आगेरा हा सण आजही गावठाणांत होतो.

वांद्र्याच्या टेकडीवरील देवमातेची कथा याच पडझडीच्या काळातून घडली. 1700 च्या सुमारास अरब चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडल्याचे परंपरा सांगते. पुढे मंदिर मोडले, आणि 1760 च्या दशकात ते पुन्हा उभे राहीपर्यंत मूर्तीला स्थिर जागा नव्हती. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत होऊन समुद्रात तरंगणारी मूर्ती सापडल्याची आख्यायिका या मधल्या काळाशी जोडली जाते. तिच्या ऐतिहासिकतेविषयी संशय घेण्यास पुष्कळ जागा आहे, आणि समुद्रातून किंवा स्वप्नातून मूर्ती सापडण्याचे कथाबीज महाराष्ट्रातील कितीतरी ग्रामदैवतांच्या कथांत आहे. पण तिचा आशय लक्षात घेण्याजोगा आहे. जी देवी स्वतःचा हात आणि स्वतःचे घर राखू शकली नाही, तिच्याकडेच कोळी मोत माउली म्हणून हात आणि घर मागू लागले. पराभूत दैवत भक्तांच्या मनातून उतरते, हा इतिहासातील नेहमीचा अनुभव येथे लागू पडला नाही. दुःख भोगलेली आई भोगणाऱ्याचे ऐकते, ही भावना ख्रिस्ती शिकवणीतही आहे आणि या किनाऱ्यावरील मातृदैवतांच्या भक्तीतही. त्या दोन्हींचा संगम या टेकडीवर झाला, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल.

इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस साष्टी घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतरच्या शतकात बेटावरील कॅथलिकांची बरीच शक्ती एका अंतर्गत भांडणात खर्ची पडली: पोर्तुगालच्या राजाला मिळालेला धर्मगुरू नेमण्याचा हक्क, ज्याला पाद्रोआदो म्हणत, आणि रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार खात्याचा थेट अधिकार, या दोन पक्षांत गावे व घरेही विभागली गेली. या वादाच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. वांद्र्यासारख्या एकाच गावात दोन पक्षांची दोन चर्चे शेजारी उभी राहिली आणि हा दुहेरी अंमल 1928 च्या करारानंतरच संपुष्टात आला, एवढे पुरे.

रोगराईच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे भाविक सारखेच असहाय होते. या किनाऱ्याला साथी नव्या नव्हत्या. 1695 मध्ये वसईत आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने तेथील वस्ती उजाड करणाऱ्या साथीचा उल्लेख केला आहे. साष्टीतील सर्वांत बोलका पुरावा मात्र मरोळचा आहे. येशूसंघीयांनी 1579 मध्ये बांधलेले संत योहानाचे चर्च 1840 मध्ये साथीमुळे सोडून देण्यात आले, गाव उठून मरोळला गेले आणि तिथे नवे चर्च उभारले गेले. अडीच शतके ज्या वेदीपुढे पिढ्यांनी गुडघे टेकले ती वेदी सोडण्याचा हा निर्णय धर्मशास्त्रीय वादांत कुठेही नोंदलेला नसला, तरी न फळलेल्या प्रार्थनेला एका गावाने दिलेले ते प्रत्यक्ष उत्तर आहे. त्यांनी जागा सोडली, धर्म सोडला नाही, आणि संताचे नावही अर्धे राखले: जुने चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे होते, नवे शुभवर्तमानकार योहानाचे झाले. जुन्या चर्चचे अवशेष 1973 मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात आले, आणि एरवी परवानगीवाचून आत जाता येत नसलेल्या त्या जागी भाविक वर्षातून एकदा मिस्सेसाठी जमत आले आहेत.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला आणि त्यानंतरची दहा वर्षे मुंबई व साष्टी या रोगाच्या छायेत गेली. घरझडत्या, रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेणे, घरे रिकामी करून शेतात झोपड्या बांधून राहणे हे सारे या गावांनीही सोसले. त्याच काळात, साधारण 1896 ते 1906 च्या दरम्यान, वांद्र्याच्या पाखाड्यांपासून गिरगाव-माझगावच्या ख्रिस्ती वाड्यांपर्यंत आणि उत्तरेकडील गावठाणांत, गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, वाड्याच्या अंगणात दगडी क्रूस उभे राहिले. सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने साथ म्हणजे स्वच्छतेचा आणि अलगीकरणाचा प्रश्न होता. गावाच्या दृष्टीने ती वेशीवरून आत येणारी शक्ती होती, आणि वेशीवर रक्षक उभा करणे हा तिच्यावरचा जुना उपाय होता. प्लेगपासून राखणारे म्हणून युरोपात शतकानुशतके पुजलेले संत सेबॅस्टियन आणि संत रॉक यांचा धावा येथेही झाला.

या क्रुसांना ‘प्लेगचे क्रूस’ म्हणण्याची रूढी पडली असली, तरी सगळे क्रूस एकाच हेतूने उभारले गेले असे नाही. काहींवर कोरलेले वर्ष साथीच्या मध्यावरचे आहे. ते मागणे होते. काहींवर साथ ओसरल्यानंतरचे वर्ष आहे. ती कृतज्ञता होती. काहींवर मृतांची नावे आहेत. ते स्मारक होते, आणि स्मारक म्हणजे मागणे फळले नाही याची दगडावरची कबुली. प्लेगच्या क्रुसांना केवळ नवसपूर्तीच्या खुणा मानणाऱ्या लोकप्रिय लेखनाने हा तिसरा गट जवळजवळ वगळला आहे, आणि त्यामुळे वाचकासमोर जणू प्रत्येक क्रुसामागे एक वाचलेले घर आहे असे चित्र उभे राहते. या सर्व क्रुसांपुढे पुढे एकच रीत सुरू राहिली: ईस्टरनंतरच्या दिवसांत, विशेषतः मे महिन्यात, संध्याकाळी वाडीतील लोक जमतात, देवमातेच्या व संतांच्या नावांची आळवणी गातात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. मागणे, आभार आणि शोक यांना एकाच गाण्यात बसवणारी ही रीत धर्मशास्त्राच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा या समाजाच्या मनाजवळ होती. प्लेगवरची लस वाल्देमार हाफकिन यांनी 1897 च्या जानेवारीत भायखळ्यात स्वतःला टोचून घेतली. लस आणि क्रूस यांत गावांनी विरोध मानला असे दिसत नाही. कॅथलिक शिकवणीत औषध हेही देवाच्या योजनेचे साधन ठरते, आणि नवस बोलणारा माणूस वैद्याकडे जात नाही असे या किनाऱ्यावर कोणत्याच धर्मात कधी नव्हते.

त्याच काळातील मराठी प्रोटेस्टंट अनुभव याच्या अगदी उलट्या टोकाला होता. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आणि पुढे स्कॉटिश मिशनने संतांची मध्यस्थी, मूर्ती आणि नवस यांना नाकारून विश्वासाने मिळणाऱ्या तारणाचा ल्यूथरप्रणीत विचार मराठीत आणला, पण साष्टीच्या जुन्या गावठाणांत त्याला फारसा शिरकाव मिळाला नाही. या विचाराची धार पंडिता रमाबाई यांच्या आत्मकथनात दिसते. 1870 च्या दशकातील दुष्काळात आपल्या कुटुंबाने तीर्थयात्रा, दानधर्म आणि व्रते करूनही आई, वडील व बहीण उपासमारीने गेल्याचे त्यांनी 1907 च्या पुस्तकात लिहिले. म्हणजे त्यांच्या धर्मप्रवासाच्या मुळाशीच न फळलेली प्रार्थना होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढे काही वर्षांनी मिळाला, अशी मांडणी त्या करतात. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्याआधी गेली, त्या वेळी त्यांच्या श्रद्धेला धक्का बसल्याचे दिसत नाही. रमाबाईंनी फळाची अट श्रद्धेतून काढूनच टाकली होती. साष्टीच्या कोळणीने ती अट ठेवली आणि ती पुरी न झाल्याचे दुःखही त्याच आईच्या पायाशी ठेवले. या दोहोंत अधिक खरी श्रद्धा कोणती हे ठरवण्याचा मोह प्रोटेस्टंट लेखकांना फार झाला आहे, आणि त्यांनी लावलेला निकाल बहुतेक वेळा कोळणीवर अन्याय करणारा आहे.

मोत माउलीची सध्याची वास्तू 1904 मधली असून 1954 मध्ये तिला बॅसिलिकेचा, म्हणजे रोमने मान दिलेल्या चर्चचा, दर्जा मिळाला. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन, आणि त्याला लागून आठवडाभर भरणाऱ्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, मूल विकणाऱ्यांकडे गिऱ्हाइकांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे सांगणे कठीण असते. विसाव्या शतकात उपनगरे वाढली तशी नवसाची नवी ठाणी झाली. माहीमच्या संत मायकेल चर्चमध्ये नित्य साहाय्य करणाऱ्या मातेचा बुधवारचा नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना, 1948 च्या 8 सप्टेंबरला सुरू झाला आणि लोकल गाड्यांनी उपनगरांतून येणाऱ्या सर्वधर्मीयांची तिथे रीघ लागली. भाविक आपली मागणी किंवा आभार कागदावर लिहून देतात. कुर्ला-अंधेरी रस्त्यावरील जरीमरी या वस्तीत संत ज्यूड यांचे चर्च आहे. साथीच्या रोगांच्या देवीवरून ज्या वस्तीला नाव मिळाले तिथे आशा संपलेल्यांचा संत येऊन बसावा, यात योजकता किती आणि योगायोग किती हे सांगता येणार नाही, पण या बेटाच्या धर्मेतिहासाला ते शोभणारे आहे. पोईसरचे चर्च उपायांच्या मातेचे आणि सहारचे आरोग्यमातेचे. नावांवरूनच लोक तिथे काय मागायला जात असावेत हे समजते.

या गर्दीने तारणाच्या शिकवणीपुढेही एक प्रश्न ठेवला होता. चर्चबाहेर तारण नाही हे जुने सूत्र शब्दशः घेतले, तर मोत माउलीला मेणबत्ती लावणारी हिंदू किंवा पारशी बाई नवस फळूनही तरणार नाही, आणि न फळलेल्या प्रार्थनेचा कॅथलिक मात्र तरू शकेल. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी प्रसिद्ध केलेल्या चर्चविषयक दस्तऐवजात या सूत्राला नवा अर्थ दिला: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. त्यानंतर आठवडाभरातच मुंबईत आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली, इतर धर्मांतील तारणाच्या प्रश्नावर येथे धर्मशास्त्रज्ञांची चर्चा झाली आणि डिसेंबरच्या आरंभी पोप सहावे पॉल स्वतः शहरात आले. साष्टीच्या टेकडीवर दोनशे वर्षे जे व्यवहारात चालत आले होते त्याला शास्त्राचा आधार मिळाला, असा या घटनेचा स्थानिक अर्थ लावता येतो, जरी परिषदेतील विद्वानांच्या मनात वांद्र्याची जत्रा असेलच असे नाही.

1970 च्या दशकापासून कॅथलिकांतील करिश्माई प्रार्थना चळवळ आणि पेंटेकॉस्टल गट उपनगरांत पसरले. पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने रोग बरे होतात यावर त्यांचा भर असतो, आणि बरे न झाल्यास विश्वास कमी पडला असे सांगण्याकडे त्यांतील काहींचा कल असतो. साष्टीच्या जुन्या परंपरेशी ताडून पाहिले तर ही नवी गोष्ट आहे आणि ती आजाऱ्याच्या बाबतीत निष्ठुरही आहे. नवसाच्या करारात फळ न मिळाल्याचा दोष माणसावर येत नसे, अक्वायनस यांच्या सूत्रातही येत नसे. या नव्या मांडणीत मात्र आजारी माणसाच्या दुखण्यात अपराधाची भर पडते. 2020 च्या साथीत तर प्रार्थनास्थळेच बंद झाली आणि त्या वर्षीची मोत माउलीची जत्रा भरली नाही. प्लेगच्या काळी साथीवरचा उपाय म्हणून लोक क्रुसापाशी गोळा होत, या वेळी गोळा होणेच साथीचे कारण ठरले, आणि आळवणी दूरध्वनीच्या पडद्यावर गेली.

या इतिहासाची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. गावठाणांतील घरे इमारतींसाठी जात आहेत, रस्तारुंदीत क्रूस हलवले किंवा पाडले जात आहेत. 2017 मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील जुना क्रूस महापालिकेने पाडला तेव्हा त्यावर बराच वाद झाला. अनेक क्रुसांवरचे कोरीव लेख रंगाच्या थरांखाली बुजले आहेत. प्रत्येक क्रुसावरील वर्ष आणि नावे उतरवून घेऊन ती त्या त्या धर्मग्रामाच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहण्याचे काम अवघड नाही. धर्मग्रामांनी, ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातील मूळ ख्रिस्ती, समाजाच्या संस्थांनी आणि मुंबईतील इतिहासाच्या विभागांनी ते एकत्र येऊन हाती घ्यावे. कोणता क्रूस वाचलेल्यांनी उभारला आणि कोणता गमावलेल्यांनी, हे त्यानंतरच खात्रीने सांगता येईल.